शेवटच्या कुंडीपर्यंत: गळती, कालवा आणि ठिबकची गोष्ट

बसच्या आवाजात हा एपिसोड नीट ऐकू आला नाही, किंवा ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, अशा सगळ्यांसाठी ही लेखी आवृत्ती. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत. बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात आमच्या गच्चीवरून. कोथरूडमधली आमची सोसायटी जुनी, तीन मजल्यांची. वर चौदा मोठ्या कुंड्या आहेत. काही सिमेंटच्या, काही निळे ड्रम अर्धे कापून केलेल्या. जिन्यापाशी कढीपत्ता, मग लिंबू, जास्वंद, डाळिंब, मोगरे, आणि पार टोकाला सोनचाफा. सोनचाफा आजोबांनी लावलेला. ते गेले त्याला आता सहा वर्षं झाली, पण घरात अजून त्याला 'ह्यांचा चाफा' म्हणतात. 'ह्यांचा' म्हणणारी अर्थात आजी.

एप्रिलमध्ये आम्ही सगळे दहा दिवस बाहेर जाणार होतो. आजी आत्याकडे मुंबईला. मी इंजिनिअर माणूस, ऑनलाइन एक ठिबकचं किट मागवलं. बारीक ४ एमएमची नळी, टी-जोड, लाल टोप्यांचे ड्रिपर आणि टायमर. एका रविवारी सकाळी सगळं जोडलं, पाणी ठिबकतंय हे पाहिलं, फोटो काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला. अंगठे आले.

परत आलो तेव्हा कढीपत्ता पिवळा पडला होता आणि त्याच्या ड्रममध्ये चिखल झाला होता. पहिल्या तीन कुंड्यांची तीच गत. मधल्या ठीक. आणि चाफ्याची पानं हातात घेतली की कुरकुरत होती. टाकीपासून सगळ्यात लांब तोच होता.

आजी वर आली, नळीवरून नजर फिरवत टोकापर्यंत गेली आणि म्हणाली, "अरे, टेलला कधी पाणी पोचलंय का?"

मला आधी वाटलं आजी इंग्रजी बोलतेय. पण तो तिच्यासाठी इंग्रजी शब्द नाहीच. तिचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, नीरा डाव्या कालव्याच्या शेवटाकडचं. तिकडे 'हेड' आणि 'टेल' हे शब्द भाकरी-पिठल्याइतके घरचे आहेत. कालवा जिथून सुरू होतो ते हेड. जिथे संपतो, आणि बरेचदा पाणी त्याच्याही आधी संपतं, ते टेल. आजीच्या त्या एका वाक्यामुळे हा एपिसोड झाला. ठिबकचा इतिहास मी 'पाणी वाचवण्याचा इतिहास' म्हणून शोधायला घेतला होता. पण वाचत गेलो तसं वाटायला लागलं की या गोष्टीत खरा प्रश्न दुसराच आहे. पहिल्याला जेवढं मिळतं तेवढंच शेवटच्याला कसं द्यायचं?

थेंबाथेंबाने पाणी द्यायची कल्पना आपल्याला नवी नाही. महादेवाच्या कुठल्याही देवळात, समजा आपल्या कर्वे रस्त्यावरच्या मृत्युंजयेश्वराकडे गेलात, तर पिंडीवर टांगलेलं, तळाला बारीक भोक असलेलं अभिषेकपात्र ओळखीचं असेल. त्याला आपण 'गळती' म्हणतो. मराठीत पाइप फुटला तरी गळती, आणि देवावर संततधार धरली तरी गळतीच. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गळतीतली अडचण कुठल्याही इंजिनिअरला लगेच दिसेल. भांडं भरलेलं असताना थेंब भरभर पडतात, पाणी उतरलं की सावकाश. भोकातून येणारा प्रवाह वरच्या पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो, आणि तोही वर्गमुळाच्या हिशोबाने. उंची चौथाई झाली की प्रवाह निम्मा. जुन्या लोकांना हे माहीत असणार, कारण लग्नाचा मुहूर्त मोजायचं घटिकापात्र त्यांनी उलट्या पद्धतीने केलं होतं. तळाला भोक असलेली वाटी मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर तरंगत ठेवायची, ती हळूहळू भरून बुडली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. भोक तेच, पण वाटीतून पाणी बाहेर पडत नाही, आत येतं.

पुण्यात मोठ्या प्रमाणावर पाणी खेळवलं ते नानासाहेब पेशव्यांच्या काळात. १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या बांधीव नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत आलं. ना पंप, ना वीज, निव्वळ उतार. या नळावर जागोजागी उभे चौकोनी मनोरे बांधले होते, त्यांना 'उच्छ्वास' म्हणतात. अडकलेली हवा तिथून बाहेर पडायची आणि गाळ काढायला आत उतरताही यायचं. आज शेतातल्या ठिबकच्या पाइपवर एअर व्हॉल्व्ह बसवतात, त्याचं काम तेच. सदाशिव पेठ हौद, नाना हौद, बदामी हौद ही नावं आपण आता चौकाचा पत्ता सांगताना वापरतो. तिथे पाणी मिळायचं हे आपण विसरलोय. हौदाचा नियम सोपा होता. पाणी हौदापर्यंत येईल, पुढचं तुमच्या घागरीवर.

शेतीत असं चालत नाही. शेतात हौद नसतो, पाट असतो.

खडकवासल्याचं धरण १८७९ मध्ये पूर्ण झालं. ब्रिटिश त्या जलाशयाला 'लेक फाइफ' म्हणायचे. तिथून दोन कालवे निघाले. उजवा पुणे शहरातून हडपसरकडे आणि पुढे जातो, तो अजून वाहता आहे. डावा कालवा वारजे, कर्वेनगर, कोथरूड या भागातून यायचा. आपल्याकडचा कॅनॉल रोड नावाला कॅनॉल रोड नाही मंडळी, तिथे खरंच कॅनॉल होता. कोथरूड तेव्हा गाव होतं, आजूबाजूला शेतं होती. आज माझ्या ज्या मित्रांना त्या रस्त्यावर पार्किंग मिळत नाही, ते एका कालव्यात गाडी लावायला बघत असतात.

आजीच्या नीरा डाव्या कालव्याची गोष्टही त्याच काळातली, १८८० च्या दशकातली. त्याच्यासाठी भाटघरचं धरण बांधलं. दुष्काळी टापूला पाणी मिळावं हा हेतू होता. पण झालं असं की हेडच्या शेतकऱ्यांनी ऊस लावला आणि वाफे भरभरून पाणी घेतलं. यात त्यांचा स्वभाव वगैरे काढायला नको. पुढची पाळी कधी येईल याची खात्री नसेल तर आज मिळतंय तेवढं घेऊन ठेवणार, तुम्ही-आम्हीही तेच करू. त्याचा परिणाम दोन्ही टोकांना झाला. हेडला अतिपाण्याने जमिनी चोपण व्हायला लागल्या, वर मिठाचा पांढरा थर. टेलला कोरडं. आमच्या गच्चीवर कढीपत्ता आणि चाफा यांच्यात जे झालं, अगदी तेच.

इथे एक ओळखीचं नाव येतं. एम. विश्वेश्वरय्या. ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून, म्हणजे आजच्या सीओईपीमधून, १८८३ मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाले आणि मग मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. खडकवासल्याला १९०३ मध्ये बसवलेले त्यांचे स्वयंचलित दरवाजे सगळ्यांना माहीत असतात. इंजिनिअर्स डेला ते फॉरवर्ड होतातच. मला त्यांचं दुसरं काम जास्त आवडलं. नीरेच्या कालव्यावर त्यांनी 'ब्लॉक सिस्टीम' आणली. ज्याने मागितलं त्याला, मागितलं तिथे पाणी, असं न करता जमिनीचे ठरावीक ब्लॉक पाडायचे, ब्लॉकला पाण्याचा हक्क काही वर्षांसाठी बांधून द्यायचा, आणि ब्लॉकच्या साधारण एक-तृतीयांश भागातच ऊस, बाकीच्यात हंगामी पिकं, पाळीपाळीने. पाणी वाढवलं नाही, वाटप बदललं. आमच्या भाषेत सांगायचं तर नवा सर्व्हर घेतला नाही, लोड बॅलन्सर लावला.

बागायतदारांनी विरोध केला. अर्थातच. हेडला असलेल्या कोणालाही वाटपाची सुधारणा आवडत नाही.

कालव्याच्या पाण्याचे हे प्रश्न इतके डोक्याला ताप झाले की १९१६ मध्ये मुंबई सरकारने त्यासाठी एक खास विभाग सुरू केला. तोच वाढत वाढत आजचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र झाला. सिंहगडावर भजी खायला जाताना खडकवासल्यापाशी जी लांबलचक भिंत लागते ना, ती त्याची.

पण ब्लॉक पाडा, पाळ्या लावा, पाटकरी नेमा, पाणी शेवटी मातीच्या पाटातून वाहणार. वाटेत मुरणार, फुटणार, कोणीतरी रात्री दारं फोडणार. आजीचे वडील रात्रभर कंदील घेऊन पाण्याला दारं धरायला जायचे. पाळी रात्री दोनला आली तर दोनला. विंचू-काट्यातून. आणि एवढं करून पाटात वीतभर पाणी. आजी म्हणते, "पाणी यायच्या आधी बातमी यायची, आणि बातमी यायच्या आधी भांडण."

आता तुम्हाला थोडं लांब नेतो, आजच्या इस्रायलमध्ये. सिम्हा ब्लास हा वॉर्सात जन्मलेला पाण्याचा इंजिनिअर. १९३० च्या दशकात त्याला एका शेतकऱ्याने एक झाड दाखवलं. कुंपणाच्या ओळीतली बाकीची झाडं बेताची, आणि हे एकच उंच, भरगच्च. पाणी तर कोणी घालत नव्हतं. ब्लासने उकरून पाहिलं तर जवळून जाणाऱ्या पाइपच्या जोडातून थेंब थेंब पाणी झिरपत होतं. गळती! वरून दिसणारा ओला ठिपका अगदी लहान, पण खाली मुळांपाशी कांद्याच्या आकाराचा ओला भाग.

ही गोष्ट सांगताना लोक इथेच थांबतात, 'युरेका' झालं म्हणून. पण ब्लासला पुढे जवळजवळ पंचवीस वर्षं काही करता आलं नाही. थेंब येईल इतकं बारीक भोक पाडलं तर ते कचऱ्याने बुजतं. मोठं पाडलं तर थेंब नाही, धार येते, आणि ओळीतली पहिली काही भोकंच सगळं पाणी पिऊन टाकतात. म्हणजे पुन्हा टेलचा प्रश्न.

उत्तर मिळालं प्लास्टिक स्वस्त झाल्यावर. ब्लास आणि त्याच्या मुलाने भोक बारीक करायच्या ऐवजी वाट लांब केली. त्यातल्या त्यात रुंद, पण लांब बारीक नळी एका दांड्याभोवती गुंडाळली. पाणी त्या वळणांमधून जाताना घर्षणाने दमतं आणि टोकाला थेंब होऊन पडतं. वाट रुंद असल्यामुळे कचरा सहज अडकत नाही. आणि दाब मुख्यतः ड्रिपरच्या आतच संपत असल्यामुळे मोठ्या नळीत सगळीकडे तो जवळपास सारखा राहतो. पहिल्या झाडाला फार जास्त नाही, शेवटच्याला फार कमी नाही. १९६५ मध्ये नेगेव वाळवंटातल्या हात्झेरिम या किबुत्झशी त्याचा करार झाला आणि नेताफिम ही कंपनी उभी राहिली. हिब्रूत 'नेतेफ' म्हणजे थेंब.

एक गंमत जाता जाता. ठिबकचा एक आधीचा अवतार शेतातला नव्हताच. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे इंग्लंडमध्ये काचगृहांतल्या रोपांना असंच पाणी देत होते. त्यामुळे आपण कुंड्यांना ठिबक लावतो तेव्हा शेतातलं तंत्र गच्चीवर आणतोय असं म्हणायचं कारण नाही. काचेच्या छपराखाली वाढणारी झाडं त्याला आधीपासून ओळखीची आहेत.

भारतात ठिबक सत्तरच्या दशकात कृषी विद्यापीठांच्या प्रयोगांपुरतं आलं. ते शेतकऱ्याच्या बांधावर पोचलं त्यात जळगावचा वाटा फार मोठा. वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये घरच्या सात हजार रुपयांच्या शिलकीतून रॉकेल विकण्यापासून धंदा सुरू केला. १९८० च्या सुमारास पीव्हीसी पाइप, आणि त्या दशकाच्या शेवटाकडे ठिबक. पाइप विकणं त्यांना येत होतं. पण ठिबक हे सामान विकून पळून जायचं काम नाही. जमिनीचा उतार बघायचा, पंपाचा दाब मोजायचा, कुठल्या ओळीला किती नळी ते काढायचं, मग फिल्टर, मग खत कधी सोडायचं ते शिकवायचं. ड्रॉइंगशिवाय ठिबक म्हणजे माझं किट. याच सुमाराला राज्य सरकारचं अनुदानही सुरू झालं होतं, तेही विसरायला नको.

जळगावची केळी, नाशिकची द्राक्षं, सोलापूरची डाळिंबं ठिबकवर गेली. लोक म्हणतात पाणी वाचलं म्हणून गेली. मला वाटतं दुसरंही कारण होतं. रात्री दारं धरायला जावं लागत नाही. वीज रात्री दोनला येऊ दे नाहीतर तीनला, व्हॉल्व्ह उघडला की झोपायला मोकळे. आजीला विचारलं, तर तिने मान हलवली आणि म्हणाली, "बाबांना दाखवायला पाहिजे होतं."

इतिहास इथे 'आणि मग सगळं छान झालं' असा संपला असता तर बरं झालं असतं. तसं झालेलं नाही. ऊस अजूनही बराचसा मोकाट पाण्यावर आहे. २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचं करायचं ठरवलं, मुदतही दिली. प्रत्यक्षात सक्ती कागदावरच जास्त राहिली. आणि जिथे ठिबक आलं तिथेही वाचलेलं पाणी टेलला गेलंच असं नाही. बरेचदा त्याच शेतकऱ्याने त्यावर आणखी एकरभर ऊस लावला. ड्रिपर शेवटच्या झाडाला सारखं पाणी देतो. शेवटच्या गावाला देणं त्याच्या हातात नाही.

आता परत गच्चीवर, कारण तुमच्यातल्या निम्म्यांना तेच ऐकायचंय हे मला माहितीये.

माझी पहिली चूक, सगळ्या चौदा कुंड्या एकाच ४ एमएमच्या नळीवर मण्यांसारख्या ओवल्या. गच्चीवरची टाकी चबुतऱ्यावर असली तरी ड्रिपरपासून पाण्याची उंची जेमतेम सव्वा-दीड मीटर. नंतर हिशोब केला, तर एवढ्या कुंड्यांचं पाणी त्या नळीतून न्यायचं तर एकेका मीटरला दोन-तीन मीटर उंचीचा दाब घर्षणात जाईल. आहे तो सगळा दीड! पहिल्या तीन कुंड्यांतच खेळ खलास. तेच पाणी १६ एमएमच्या नळीतून, शेतात जिला लॅटरल म्हणतात तिच्यातून नेलं, तर बारा मीटरच्या टोकापर्यंत दोन-तीन सेंटिमीटर दाबसुद्धा जात नाही. म्हणजे जाड नळी शेवटच्या कुंडीपर्यंत सरळ न्यायची आणि प्रत्येक कुंडीला तिच्यातून बारीक नळीचा हातभर फाटा काढायचा. मुख्य कालवा आणि चारी, दुसरं काही नाही.

दुसरी चूक जास्त हुशारीची होती. मी प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर आणले. आत रबरी पडदा असतो, दाब कमीजास्त झाला तरी प्रवाह सारखा ठेवतात. वाचायला परफेक्ट. बसवले, नळ सोडला आणि काहीच नाही. त्या पडद्याला नीट काम करायला पाच-दहा मीटर उंचीएवढा दाब लागतो. माझ्याकडे दीड. टाकीवर चालवायचं असेल तर साधे ड्रिपर घ्या. मात्र त्यांच्यावर ४ लिटर लिहिलेलं असतं ते दहा मीटर दाबाला. दीड मीटरला तासाला दीड लिटरच येतं. तोच गळतीचा वर्गमूळवाला नियम. टायमरचंही तसंच. काही टायमर दाबाशिवाय उघडतच नाहीत, म्हणून बॉल व्हॉल्व्हवाला बघून घ्या.

मोठ्या ड्रमला एक ड्रिपर पुरत नाही. आपण कुंडीत कोकोपीट, शेणखत घालून माती भुसभुशीत करतो, त्यातून पाणी सरळ खाली उतरतं आणि बाजूची मुळं कोरडी राहतात. मी प्रत्येक ड्रमला समोरासमोर दोन लावले. सकाळ-संध्याकाळ चाळीस-चाळीस मिनिटं, म्हणजे ड्रमला दिवसाला चारेक लिटर. टाकीनंतर जाळीचा फिल्टर हवाच. आमच्याकडे बोअरचं पाणीही मिसळतं, त्याचे क्षार साठतात, म्हणून महिन्या-दीड महिन्याने ड्रिपर रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकतो. आजीच्या मते मी लोणचं घालतोय.

मग परीक्षा. पहिल्या आणि शेवटच्या कुंडीतल्या एकेका ड्रिपरखाली रिकाम्या बाटल्या लावल्या, पंधरा मिनिटं थांबलो. आजीने स्वयंपाकघरातला मापाचा कप आणला होता, मोजायचं काम तिने माझ्याकडे दिलंच नाही. कढीपत्ता ३८०, चाफा ३६०. तिने चाफ्याची बाटली दुसऱ्यांदा मोजली.

आमच्या टाकीत महापालिकेचं जे पाणी येतं ते खडकवासल्याच्या साखळीतलं. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला. त्याच साखळीतून कालव्याने दौंड आणि इंदापूर तालुक्याच्या एका भागाला शेतीचं पाणी जातं. दर उन्हाळ्यात कालवा सल्लागार समितीच्या बैठकीची बातमी येते, शहराला किती आणि शेतीला किती. ती बातमी मी इतकी वर्षं स्क्रोल करून पुढे जायचो. त्या कालव्याच्या हेडला आपण आहोत, मंडळी. कोथरूडच्या चौदा कुंड्यांनी इंदापूरचं शिवार सुकतं असं मी म्हणत नाही, रोजच्या पन्नास-साठ लिटरने काही होत नाही. पण मी आधी गच्चीवर पाइप सोडून फोनवर बोलत बसायचो, तेव्हा हेडचे शेतकरी कसे वागले असतील हे मला वेगळं वाचायची गरज नव्हती.

चाफ्याची पानं सगळी गळली. जूनमध्ये खोडाला नखाने खरवडून पाहिलं तर आत हिरवं होतं. जुलैत तीन फुटवे आले. फूल अजून नाही.

परवा संध्याकाळी टायमर सुरू झाला तेव्हा आजी वर खुर्ची टाकून बसली होती. तिने भाच्याला इंदापूरला फोन लावला. तिकडून आवाज मोठा येतो, मलाही ऐकू येत होतं.

"आवर्तन सुटलं का रे?"

"सुटलंय आत्या, चार दिवस झाले. आपल्या फाट्याला अजून आलं नाही."